उरलेल्या सॉसची चिली

पास्त्याचा बिनमांसाचा सॉस बराच उरला होता. टोमॅटो, लसूण, मशरूम छान मुरलेलं, टाकवेना. आज त्याचीच व्हेज चिली, म्हणजे राजम्याचा दाट तिखट रस्सा, केली. रात्रभर भिजवलेला राजमा आधी वेगळा मऊ शिजवून घेतला. टोमॅटोच्या आंबटपणात तो मऊ व्हायला फार वेळ लागतो. तेलात जिरेपूड आणि लाल तिखट जेमतेम परतलं, वास सुटताच सॉस, राजमा, मक्याचे दाणे, सिमला मिरची. मग मंद आच. थोडा राजमा डावाने भांड्याच्या कडेला चेचला आणि रस असा दाटला म्हणता! शेवटी चिमूटभर कोको. तो विसरू नका हं, त्याने चव भरदार होते. वरून चमचाभर घट्ट दही. सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली, इतकं बरं वाटलं!