चाळीस पानं आणि दीड ओळ

इंग्लंडमधल्या एका तुरुंगाच्या ग्रंथालयात मी सात वर्षं काम करते. इथल्या नियमानुसार प्रत्येक तुरुंगात ग्रंथालय असावंच लागतं. आमच्याकडे नसलेलं पुस्तक फॉर्म भरून बाहेरच्या सार्वजनिक लायब्ररीतून मागवता येतं. पन्नाशीच्या एका कैद्याने असंच पीटर स्टोरीचं आत्मचरित्र मागवलं होतं.

स्टोरी म्हणजे लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचा दणकट खेळाडू. क्लबसाठी 501 सामने, इंग्लंडकडून 19. मार्च 1971 मध्ये एफए कप या इंग्लंडमधल्या बाद फेरीच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात स्टोक सिटी 2-0 ने पुढे होती. आर्सेनलचे दोन्ही गोल स्टोरीचे, त्यातला दुसरा अगदी शेवटच्या क्षणी, पेनल्टीवर, समोर गोलरक्षक गॉर्डन बँक्स. त्या मोसमात आर्सेनलने लीग आणि कप दोन्ही जिंकले. खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर मात्र हाच माणूस कुंटणखाना चालवल्याबद्दल दंड भरतो, आणि 1980 मध्ये अर्ध्या सॉव्हरिनची (सॉव्हरिन म्हणजे ब्रिटिश सोन्याचं नाणं) खोटी नाणी पाडण्याच्या कटात तीन वर्षांची शिक्षा घेतो. 2010 मध्ये हे सगळं त्याच्याच नावाच्या पुस्तकात आलं.

आमचा हा कैदीही एके काळी पगारी फुटबॉलपटू होता. खालच्या डिव्हिजनमध्ये दोन मोसम, मग गुडघा गेला. त्याचा बाप आर्सेनलचा भक्त, त्यामुळे ती पेनल्टी त्याने लहानपणापासून ऐकलेली. गुरुवारी दुपारी त्याच्या विंगला, म्हणजे तुरुंगातल्या त्याच्या विभागाला, ग्रंथालयात पाऊण तास मिळतो. त्या गुरुवारी त्याने पुस्तक परत केलं आणि सोबत घडी घातलेले कागद पुढे केले. "मिस, वाचाल का? मीही लिहितोय." इथे आम्हा बायकांना सगळे 'मिस'च म्हणतात.

चाळीस पानं होती. काय सुंदर लिहिलं होतं! ओल्या गवताचा वास, ड्रेसिंग रूममधलं लिनिमेंट, म्हणजे दुखऱ्या अंगाला चोळायचं औषध, बुटाच्या स्टडमध्ये अडकलेला चिखल काडीने काढणं. गुडघा फिरला तो क्षण तर वाचवेना. आणि शेवटच्या पानावर दीड ओळ: त्या रात्री दुकानात जे घडलं ते घडायला नको होतं, त्याचा खेद आहे.

मराठीत आपण 'चूक झाली' म्हणून सुटतो, 'केली' म्हणत नाही. इंग्रजीतही तशी सोय आहे आणि त्याने ती घेतली होती. मला राग आला, खरंच आला. ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वीचा चिखल आठवतो, त्याला ती रात्र आठवत नाही?

कुणाच्या गुन्ह्याबद्दल आम्ही आपणहून विचारत नाही. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. म्हणून मी लिखाणाबद्दलच विचारलं, "दुकानाचं दार कुठल्या बाजूला उघडत होतं?"

तो बराच वेळ गप्प. मागे कुणीतरी वर्तमानपत्र चाळत होतं.

"आत ढकलायचं," तो म्हणाला. "वर घंटी होती. वाजली."

"मग?"

"काउंटरमागे एक बाई होत्या. एकट्याच. हिशेब करत होत्या. मी हातोडी वर धरली. त्या ओरडल्या नाहीत, मिस. फक्त पेन खाली ठेवलं." त्याने माझ्याकडे न बघता स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. "इथे लावलं होतं. तुमच्यासारखंच."

माझा हात टिकलीकडे गेला. नकळत. तो खाली घ्यायलाही मला वेळ लागला.

मी नाशिकची. माझ्या आत्यांचं लेस्टरमध्ये असंच दुकान होतं, रात्री दहापर्यंत उघडं. त्या क्षणी काउंटरमागे मला त्याच दिसत होत्या. उठून जावंसं वाटलं. पण मी उठले नाही, कारण आता तो बोलला होता, आणि मी उठले असते तर ते कागद तिथेच राहिले असते, असं मला आजही वाटतं.

"हे लिहा," मी म्हटलं. "पेनसुद्धा."

त्याने ती दीड ओळ खोडली. त्याखाली अंग मोडून, शाळेतल्या मुलासारखं मोठं अक्षर काढत लिहिलं: मी दार ढकललं. तेवढ्यात अधिकाऱ्याने विंगवर परतायची हाक दिली. माणसं रांगेत उभी राहू लागली. हा जागचा हलेना. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा उठला आणि म्हणाला, "अजून कागद मिळतील?"

मी प्रिंटरच्या ट्रेमधले सगळे काढून दिले.