पुस्तकातला पिंगळा पडद्यावर बोलायचा तर

समजा मुलांच्या एका पुस्तकावर सिनेमा करायचाय आणि गोष्ट अशी आहे. परभणीकडच्या एका गावातली दहा वर्षांची मुलगी गावाबाहेरच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, उतरते. सतरावी पायरी ओलांडली की खालचं पाणी पाणी राहत नाही, आभाळ होतं. कोनाड्यातला पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, तिच्याशी बोलायला लागतो. पुस्तकात हे दोन वाक्यांत उरकतं. बाकीची बारव वाचणारं पोर मनात बांधतं, आणि प्रत्येकाची वेगळी असते. पडद्यावर मात्र एकच दाखवायची, तीही ठरावीक उजेडात, ठरावीक पाण्यासकट.

म्हणून पटकथेच्याही आधी एक कागद लिहावा: जादूचे नियम. कितव्या पायरीला काय होतं, वर आल्यावर कपडे ओले असतात की कोरडे, पिंगळ्याचं बोलणं आणखी कुणाला ऐकू येतं का. लेखकानं हे मोघम ठेवलेलं पुस्तकात खपतं. सेटवर ड्रेसदादा ‘फ्रॉक ओला देऊ का कोरडा?’ विचारतो, तेव्हा खपत नाही. (फ्रॉक चार शिवावेत: कोरडा, ओला, मळका आणि डबलचा, म्हणजे तिच्याऐवजी कॅमेऱ्यासमोर उभं राहणाऱ्याचा. एकाच कापडाच्या ठाणातून, नाहीतर धुतल्यावर रंग वेगवेगळे उतरतात.)

हक्कांचं थोडक्यात. लेखक वारल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. हक्क प्रकाशकाकडं आहेत की वारसांकडं, हे जुना करार पाहूनच ठरवावं. नव्या करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात तसं काही लिहिलेलं नसेल, तर ते परत जातात. सिनेमा वर्षात होत नसतो, तेव्हा हे कलम वाचून सही करावी. आणि चित्रकाराला विसरू नये. पोरांच्या मनात ती मुलगी जशी आहे तशी ती बहुतेक चित्रांमुळं आहे, आणि त्या चित्रांचा हक्क वेगळा असतो.

आता बारव. मराठवाड्यात बारवांना तोटा नाही. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव तर कॅमेऱ्यासाठीच बांधली असं वाटावं अशी. बारव संरक्षित असेल तर ती केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे की राज्याच्या, ते आधी बघावं. नसेल तर ग्रामपंचायत. पण खरी अडचण परवानगीची नाही, उन्हाची असते.

परभणीच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर भर दुपारी, म्हणजे १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास, सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. बारवेचं तोंड ८ मीटर रुंद असेल तर ऊन उत्तरेच्या भिंतीवर साडेआठ मीटर उतरतं आणि थांबतं. १२ मीटर खोल तळाला ते पोचतच नाही. तळापर्यंत सरळ ऊन हवं तर सूर्य डोक्यावर यायला हवा. इथं तो मेच्या मध्याला येतो, तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं आणि पारा ४० च्या वर. म्हणून शूटिंग हिवाळ्यात करावं आणि ऊन वरून आरशानं खाली पाडावं. काठावर ४ बाय ४ फुटांचा आरसा आणि तो धरायला एक माणूस. आरसा जागचा हलवला नाही तर १२ मीटर खाली पडलेला उन्हाचा तुकडा ४ मिनिटांत वीतभर सरकतो, म्हणून त्या माणसाला दुसरं काम सांगू नये. उजेड परतवायला पांढरं थर्माकोल लावून भागत नाही. त्याचा उजेड मऊ असतो, अर्ध्यातच विरतो.

पाण्याचंही तसंच. पावसाळा सरता सरता बारव भरलेली असते, पुढं दर महिन्याला पायऱ्या उघड्या पडत जातात. पुस्तकातली सतरावी पायरी शूटिंगच्या वेळी पाण्याखाली असेल तर ती सिनेमात अकरावी करावी, त्यात कुठला धर्म बुडत नाही. पण एकदा अकरावी म्हटली की शेवटपर्यंत अकरावीच. रोज सकाळी कोरड्या पायऱ्या मोजून कंटिन्युटीच्या वहीत, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ राहावा म्हणून ठेवतात त्या वहीत, आकडा लिहावा, जोडीला फोटो. पाण्याजवळचे सगळे शॉट एकाच आठवड्यात संपवावेत.

पाण्याचं आभाळ होणं हा शॉट मात्र बारवेत घेऊच नये. संगणकावर तो होतो, पण कॅमेऱ्यातही होतो, आणि आमच्या मते कॅमेऱ्यातला जास्त खरा वाटतो. पोलराइझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, भिंगावर लावून पाण्याकडं साधारण ३७ अंश खाली बघितलं की प्रतिबिंब जवळजवळ पुसलं जातं आणि तळ दिसतो. फिल्टर शॉट चालू असताना सावकाश पाव फेरा फिरवला की तळ जातो आणि आभाळ येतं. खोल बारवेत याच कोनातून समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब दिसतं, आभाळाचं नाही. म्हणून उघड्या रानात ताडपत्रीचं १० बाय १० फुटांचं, फूटभर खोल कुंड करावं आणि तळाशी पायरीसारखी दगडी फरशी मांडावी. पाणी नितळच पाहिजे. शेवाळलेल्या पाण्यात फिल्टर कितीही फिरवा, हिरवंच दिसतं.

धुक्याबद्दल एक कडक सूचना. बारवेत ड्राय आइस वापरू नये. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो, आणि तळाशी लहान मूल उभं असतं. पाण्यावर चालणारं धुक्याचं मशीन वापरावं, तेही थोडं, वारा खेळता ठेवून. त्याआधी कोनाडे, कमानी आणि काठावरची झाडं आग्या मोहोळासाठी तपासावीत. मोहोळ असेल तर धूर नाही, ड्रोन नाही, उग्र अत्तर नाही. सरळ दुसरी बारव शोधावी.

मूल १४ वर्षांखालचं असेल तर ज्या जिल्ह्यात शूटिंग, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०१७ च्या नियमांप्रमाणं दिवसाला ५ तास, त्यातही विश्रांतीशिवाय सलग ३ च्या वर नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावानं मुदत ठेवीत. आता हिशेब करा. पटकथा १०० पानांची, त्यातली ८० पानं मुलीची, दिवसाला २ पानं झाली तर ४० दिवस. म्हणजे दोन शेड्यूल, शूटिंगचे दोन टप्पे, आलेच. पिंगळ्याचे क्लोजअप, हातांचे इन्सर्ट आणि पाठमोरे शॉट मूल घरी गेल्यावर डबलवर घ्यावेत. सात वर्षांचं पोर निवडलं तर दोन शेड्यूलच्या मधे पुढचा दात पडतो आणि मग दंतवैद्याकडून एका दाताची कवळी करून घ्यावी लागते. दहाव्या वर्षी पुढचे दात येऊन गेलेले असतात.

पिंगळा खरा आणता येत नाही, सगळी घुबडं वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. बाहुली करावी. खरा पिंगळा २१ सेंटिमीटरच्या आसपास असतो, तेवढ्यात माणसाचा हात बसत नाही. बाहुली ३० ची करावी आणि मुलीचा हात शेजारी येईल असा शॉट टाळावा, म्हणजे आकाराचं कुणाला कळत नाही. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, मान फिरते. त्यामुळं बुबुळं हलवणारी मोटर लागतच नाही, पापण्यांची तेवढी पुरते. एकानं डोकं आणि चोच, दुसऱ्यानं पंख, तिसऱ्यानं रिमोटवर पापण्या. अंगाला कोंबडीची धुतलेली तपकिरी पिसं, वर ॲक्रिलिकचे पांढरे ठिपके.

चोच बोलते कशी? पक्ष्याला ओठ नसतात, तरी प, फ, ब, भ, म या अक्षरांना चोच मिटलीच पाहिजे, नाहीतर आवाज दुसरीकडूनच येतोय असं वाटतं. ‘बापाला सांगू नको बरं’ यात चोच तीनदा मिटते. ‘इकडं ये’ यात एकदाही नाही. संवाद पक्का झाला की अशा अक्षरांखाली लाल रेघ मारून कागद चोचवाल्याच्या हातात द्यावा.

पिंगळ्याची भाषा हा वादाचा विषय. पुस्तकात तो ‘तू इथे का आलीस?’ म्हणतो. या बारवेत बसलेला पिंगळा ‘इकडं कामून आलीस गं? काय करायलीस?’ असंच म्हणेल. गावची माणसं बोलीत आणि जादूची पात्रं पुस्तकी मराठीत, ही सवय सोडावी. उलट करून बघा: पिंगळा बोलीत, आणि गोष्टीत पुढं पाण्याखालचा दरबार येत असेल तर तिथला कारभारी प्रमाण भाषेत. दरबार लगेच परका वाटतो, त्याला वेगळा मुकुटही लागत नाही.

बारवेत आवाज घुमतो, सेटवरचे संवाद डबिंगमध्ये पुन्हा करावे लागतात. ते महिन्यांनी होतं, तोवर मुलीचा सूर बदललेला असतो. म्हणून प्रत्येक सीन संपला की तिला काठावर नेऊन झाडाखाली, रजई अंगावर घेऊन, तेच संवाद दोनदा म्हणून घ्यावेत. दमलेली असेल तरी. तिचे ५ तास मात्र त्यात मोजायचे.