झाकलेली चाल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे पत्र आले आणि शाळेच्या बाकी साऱ्या आठवणी बाजूला राहून मला शनिवारच्या अर्ध्या शाळेनंतरचा तो व्हरांडाच आठवला. गणिताच्या सरांचे नाव येथे लिहिण्याची गरज नाही. व्हरांडा आणि बुद्धिबळ म्हटले की आपल्या सर्वांना ते दिसतातच.

१९८८ साली विश्वनाथन आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले, तेव्हा मी आठवीत होतो. आजोबांकडून देशी पद्धतीचा खेळ शिकलो होतो. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. तेवढ्या शिदोरीवर मी एका पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या दहा चाली तोंडपाठ केल्या आणि तालुक्याच्या स्पर्धेत उतरलो. प्रतिस्पर्ध्याने पाचवीच चाल पुस्तिकेबाहेरची खेळली आणि वीस मिनिटांत मी हरलो. परतीच्या एसटीत सर काही बोलले नाहीत. सोमवारी पुस्तिका तेवढी मागून घेतली.

त्यानंतर सरांनी डावाची सुरुवात शिकवली ती पूर्ण डावांमधून. सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलेल्या जुन्या मासिकांतले स्पर्धांचे डाव त्यांनी वहीत उतरवले होते. न्यूयॉर्कच्या १९१८ सालच्या स्पर्धेतील क्यूबाचा कापाब्लांका (पांढरा) विरुद्ध अमेरिकेचा मार्शल (काळा) हा डाव आम्हाला पाच शनिवार पुरला. सर वहीवर पोस्टकार्ड ठेवून पुढची चाल झाकत आणि प्रत्येकाला आपली चाल कारणासह सांगावी लागे. आठव्या चालीला मार्शलने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि थोड्याच वेळात एक प्यादे गमावले, तेव्हा आम्हाला ती चूकच वाटली. मग तेराव्या चालीला त्याचा घोडा पांढऱ्या राजासमोर, प्याद्याच्या तोंडी येऊन बसला. (आमच्या संचातला तो काळा घोडा कधीच हरवला होता, त्याच्या जागी शाईच्या बाटलीचे झाकण होते.) आम्ही एकसुरात ओरडलो, "मारा!"

"काऊन रे, घोडा फुकटाचा दिसते काय?" एरवी पुस्तकी बोलणारे सर अशा वेळी हमखास वऱ्हाडीवर येत. त्यांनी झाकण उचलू दिले, काळा वजीर राजाच्या अंगावर उतरवला, मागच्या उंटाकडे बोट दाखवले आणि पांढऱ्याचा वजिराच्या बाजूचा हत्ती, घोडा व उंट मोजायला लावले. तिन्ही अजून घरातच होते. एका प्याद्याच्या मोबदल्यात मार्शलने हल्ल्यासाठी वेळ विकत घेतला होता, ते तेव्हा कळले. कापाब्लांकाने घोडा न मारता वजीर बाहेर काढला, वजिरापुढचे प्यादे सारून उंटाला वाट दिली आणि ३६ चालींत डाव जिंकला. मार्शल हरला तरी त्याची ती कल्पना टिकली. पुढच्या खेळाडूंनी काळ्याची अकरावी चाल तेवढी बदलली. हरलेल्या बाजूकडून डाव पुन्हा लावायची सवय मला तेथे लागली.

२०२५ साली आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, त्या दिवशी सरांची फार आठवण आली. मी बँकेत नोकरी करतो आणि रविवारी गावातल्या मुलांना शिकवतो. मुले मोबाईलवर डाव लावतात, इंजिनचा, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणकीय प्रोग्रामचा, आकडा पाहतात आणि "सर, पांढरा बरा आहे" म्हणून पुढे सरकतात. का बरा, असे विचारले की पुन्हा मोबाईलकडे पाहतात. त्या व्हरांड्याला भिंत घालून आता संगणक कक्ष केला आहे, असे ऐकतो. मला त्याचे सुख वाटत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

निवृत्त होताना सरांनी ती वही मला दिली. मार्शलच्या डावाच्या पानावर पोस्टकार्डाच्या कडेचा मळकट पट्टा उमटला आहे, तेराव्या चालीच्या अगदी खाली.