बोलायचं नाही

टोकियोत शिबुयाच्या चौकातली ती जगप्रसिद्ध गर्दी अंगावर घेऊन दोगेनझाकाचा चढ चढलं, की एका आडगल्लीत ‘लायन’ आहे. १९२६ सालचं, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड ऐकत बसायचं कॉफीचं दुकान. युद्धात बॉम्बहल्ल्यात जळालं, १९५० साली पुन्हा होतं तसं बांधलं. आत अंधार, आणि खुर्च्या एसटीतल्यासारख्या एकामागे एक. ड्रायव्हरच्या जागी थेट वरच्या मजल्यापर्यंत गेलेले लाकडी स्पीकर. तीन वाजता ठरलेला कार्यक्रम, त्याचा छापील कागदही मिळतो. फोटो काढायचे नाहीत. बोलायचं तर नाहीच.

आता माझी खोड अशी, की समोर कप आला की तोंड सुरू होतं. कॉफी हे निमित्त, गार झाली तरी चालेल. इथे ऑर्डरसुद्धा कुजबुजत दिली. साखर ढवळताना चमचा कपाला लागू नये म्हणून मधोमध धरून इतका हळू फिरवला की साखर तळाशीच राहिली. पुढच्या खुर्चीतले गृहस्थ डोळे मिटून होते. झोपले होते की ऐकत होते, देव जाणे.

बाकीची जुनी किस्सातेन, म्हणजे जपानी कॉफीची दुकानं, एवढी कडक नसतात. तिथे जाड टोस्ट, हिरवंगार मेलन सोडा, चार गप्पा. नागोयात तर सकाळी कॉफीच्या पैशात टोस्ट आणि अंडंही देतात. १९८१च्या सुमारास देशभरात अशी दीड लाखावर दुकानं होती, आता निम्मीही नाहीत. मालक म्हातारे झाले, पुढे चालवायला कोणी नाही. ‘लायन’सारखी दुकानं निघाली ती मात्र निव्वळ गरजेपोटी. रेकॉर्ड महाग, वाजवायचं यंत्र त्याहून महाग. एका कपाच्या पैशात बेथोवन ऐकायला मिळायचा, मग कोण कशाला बोलेल?

आमच्याकडेही रेडिओ एकच होता. आजोबांच्या खुर्चीशेजारच्या फळीवर, विणलेल्या रुमालाखाली. बातम्या लागल्या की ते मान न वळवता नुसतं बोट वर करायचे, की आम्ही भावंडं जिथल्या तिथे गप्प. नाट्यसंगीत असलं तर बोट वर आणि डोळे बंद. त्या वेळात जिन्यावरून धावायचं नाही, भांडायचं नाही, शिंक आली तर ती दाबायची. भावाला नेमकी तेव्हाच उचकी लागायची. शेजारचे एक काका येऊन बसायचे, तेही चहा फुर्रकन न ओढता प्यायचे, इतका दरारा.

‘लायन’मध्ये फर्माईश करता येते. एक बाई उठल्या, काहीतरी हळूच सांगून आल्या आणि परत जागेवर बसल्या. साठीच्या असतील, एकट्याच. थोड्या वेळाने पियानो लागला. त्यांनी सांगितलेलाच असावा, कारण बाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली.

आजी कधी त्या रेडिओसमोर बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची, ओला हात पदराला पुसत, पोळी करपेल म्हणून अर्धं लक्ष तव्याकडे. फर्माईशी गाण्यांचं ‘आपली आवड’ लागायचं तेव्हाही. तिची आवड काय होती, हे आम्हां कोणालाच माहीत नाही. कोणी विचारलंच नव्हतं.