यामागुचीबाईंची नावं

माझ्या आत्याला चार नावं होती. एक पत्रिकेतलं, एक माहेरी हाक मारायचं, एक लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं, आणि एक रेशनकार्डावर कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. तिला स्वतःला त्याचं काही वाटायचं नाही. कुठल्याही नावानं हाक मारा, ती 'ओ' द्यायची. कागदांना मात्र वाटायचं. शेवटी स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं की अमुक आणि तमुक या दोन बाया नसून एकच आहेत. असं प्रतिज्ञापत्र करून देणारे लोक कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसलेले असतात आणि त्यांचा धंदा मुख्यतः लग्न झालेल्या बायकांवर चालतो.

योशिको यामागुची या जपानी नटी-गायिकेबद्दल वाचायला लागलो तेव्हापासून हे टाइपरायटरवाले माझ्या डोक्यातून जात नाहीत. या बाईचं अख्खं करिअर म्हणजे एकेक नाव घेणं आणि टाकणं. त्यातली बरीचशी नावं दुसऱ्यांनी आपल्या सोयीनं दिलेली.

जन्म 1920चा, चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात. वडील तिथल्या जपानी रेल्वे कंपनीच्या लोकांना चिनी भाषा शिकवायचे आणि मुलीलाही त्यांनी ती अशी शिकवली की ऐकणाऱ्याला संशय येऊ नये. वडिलांचे एक चिनी मित्र होते, ली आडनावाचे सेनानी. त्यांनी तिला मानसकन्या मानलं आणि नाव दिलं ली श्यांगलान. दत्तकविधान नव्हे, नुसता जिव्हाळ्याचा रिवाज. पुढे बीजिंगला शिकायला गेली तेव्हा तिथल्या दुसऱ्या मित्रानं, पान यांनी, मानसकन्या मानलं. मग शाळेत ती पान शुहुआ. वर्गातल्या मैत्रिणी जपानविरोधी सभांना जायच्या आणि ही त्यांच्यात गप्प बसायची. तेराचौदाव्या वर्षापासून दोन-दोन नावं सांभाळणाऱ्या मुलीला पुढे नटी व्हायला वेगळं काय शिकावं लागणार?

गाणं मात्र शिकली. छातीचं दुखणं झालं होतं, फुप्फुसं सुधारतील म्हणून गायला लागली. ल्युबा नावाच्या रशियन ज्यू मैत्रिणीनं तिला मादाम पोद्रेसोव्ह या ऑपेरा गायिकेकडे नेलं. (ही ल्युबा लक्षात ठेवा.) मग मांचुरियातल्याच मुकदेन शहराच्या रेडिओ केंद्राला एक मुलगी हवी झाली: दिसायला-बोलायला चिनी, स्वरलिपी वाचता येणारी आणि जपानी साहेबांच्या सूचना कळणारी. अशी मुलगी चिन्यांत सापडेना. यामागुचींची मुलगी सापडली. नाव कुठलं लावायचं? ली श्यांगलान तयारच होतं.

1938मध्ये मांचुरियातल्या जपानी फिल्म कंपनीनं तिला पडद्यावर आणलं आणि चिनी नटी म्हणूनच आणलं. आपल्याकडेही रतन साळगावकरची हंसा वाडकर झालीच होती, नाटक-सिनेमात नाव बदलणं काही नवं नाही. पण तिथे बदलायचं ते घराण्याची लाज राखायला. इथे नावाबरोबर देश बदलला होता, आणि तोही सरकारच्या कामासाठी. चीनवर चाल करून गेलेल्या जपानला अशी चिनी सुंदरी हवी होती, जी पडद्यावर जपान्यांच्या प्रेमात पडेल. 1940च्या 'शिना नो योरु'मध्ये ती तशी पडलीही. नायक काझुओ हासेगावा तिच्या थोबाडीत मारतो आणि त्या थोबाडीतून तिला त्याचं प्रेम कळतं. चिनी प्रेक्षकांना ती थोबाडीत आपल्या गालावर बसली. मला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नाही.

जपानमध्ये ती 'री कोरान' झाली. अक्षरं तीच, उच्चार जपानी. 11 फेब्रुवारी 1941ला टोकियोच्या निचिगेकी थिएटरात तिचा कार्यक्रम होता. तिकिटासाठी लोकांनी थिएटरला साडेसात वेढे घातले म्हणतात. वेढे मोजायला कोण गेलं होतं देव जाणे, पण तो साडेसातचा आकडा आजही तिच्या नावाला चिकटून आहे. त्या गर्दीतल्या बहुतेकांना वाटत होतं की आपण एका चिनी मुलीवर लट्टू झालो आहोत. त्याआधी ती पहिल्यांदाच जपानला आली, तेव्हा बंदरावरच्या पोलिसाला मात्र पासपोर्टात खरं नाव दिसलं होतं. जपानी असून चिनी कपडे घालतेस, चिनी बोलतेस, लाज नाही वाटत? ही त्याची पहिली सलामी, असं तिनं आठवणींत लिहिलंय. चिनी म्हणून डोक्यावर घेणारे आणि जपानी म्हणून झापणारे एकाच देशात.

चिन्यांनी तिला खऱ्या अर्थानं आपलं म्हटलं ते 1943मध्ये. शांघायमध्ये अफूयुद्धावर चित्रपट निघाला. जपान्यांना वाटलं इंग्रजांना शिव्या आहेत, छान आहे. चिनी प्रेक्षकांनी 'परके घुसखोर' हे शब्द ऐकले आणि आपल्याला हवे ते परके त्यात बसवले. तिनं त्यात अफूच्या अड्ड्यावर गोळ्या-मिठाई विकणारी पोरगी केली होती आणि ते मिठाईचं गाणं गल्लीबोळात गेलं. पुढच्या वर्षी आलं 'ये लाइ श्यांग', रात्री दरवळणाऱ्या फुलाचं गाणं, ली जिनग्वांग यांची चाल. आवाज लावतानाच कळतं की ऑपेराची शिस्त आहे, पण ती कुठेही मिरवत नाही. मी चिनी अक्षर ओळखत नाही, तरी ते गाणं भांडी घासतानाही गुणगुणता येतं, आणि चांगल्या गाण्याची माझी कसोटी एवढीच आहे. पुढे तेरेसा तेंग या तैवानी गायिकेनंही ते गायलं.

मग ऑगस्ट 1945. जपान हरला आणि शांघायमध्ये ली श्यांगलानला देशद्रोहाच्या आरोपाखाली स्थानबद्ध केलं. आरोप अगदी बिनतोड होता: चिनी असून शत्रूसाठी काम केलं. तिला रेसकोर्सवर गोळ्या घालणार, अशा बातम्याही छापून आल्या. बचाव एकच होता, आपण चिनी नाहीच. पण इतकी वर्षं जगाला उलटं पटवण्यात तिची सगळी कला खर्ची पडली होती! चेहरा, उच्चार, गाणी, सगळे साक्षीदार विरुद्ध बाजूचे.

लागणार होता फक्त जपानी कुटुंबनोंदणीचा उतारा. कोसेकी म्हणतात त्याला. कोणाच्या पोटी कोण जन्मलं, कोण दत्तक आलं, कोण लग्न होऊन गेलं, सगळं त्यात. तो आईवडिलांकडे बीजिंगला होता. तिथून तो आणवला ल्युबानं, एका जपानी बाहुलीबरोबर लपवून. कोर्टानं कागद पाहिला आणि 1946च्या सुरुवातीला तिला सोडलं. परका माणूस देशद्रोह करूच शकत नाही, इतकं साधं गणित. मायदेशी निघालेल्या बोटीवर रेडिओ लावला तर शांघाय केंद्रावर 'ये लाइ श्यांग' चालू होतं. सिनेमात घातलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

हा कागद नसता तर काय झालं असतं हे सांगायला कल्पनेची गरज नाही. तिच्या ओळखीत आणखी एक योशिको होती, कावाशिमा योशिको. जन्मानं मांचू राजकन्या, वाढली जपानमध्ये जपानी मानलेल्या बापाकडे, पुरुषी वेषात फिरायची, जपानी लष्करासाठी हेरगिरी केल्याचा आरोप. तिनंही कोर्टात आपण जपानी असल्याचं सांगितलं. पण त्या मानलेल्या बापानं तिचं नाव कोसेकीत कधी घातलंच नव्हतं. 1948च्या मार्चमध्ये बीजिंगच्या तुरुंगात तिला गोळी घातली. दोघींनाही मानलेले बाप होते. एकीच्या बापानं नुसतं नाव दिलं आणि कागदाला हात लावला नाही, म्हणून ती जगली. दुसरीच्या बापानंही नेमकं तेच केलं, म्हणून ती मेली.

यापुढची कारकीर्द भराभर सांगून टाकतो. दिग्दर्शक कुरोसावाच्या 1950च्या 'स्कँडल'मध्ये तोशिरो मिफुनेबरोबर ती गायिकेच्या भूमिकेत आहे. गप्पांच्या मासिकात बदनाम झालेली गायिका, हे निवडणाऱ्याच्या डोक्यात काय होतं कोण जाणे. हॉलिवूडमध्ये ती शर्ली यामागुची झाली आणि 1955च्या 'हाउस ऑफ बांबू'पर्यंत तशीच राहिली. त्यात काही विशेष नाही, पोशाख सुंदर आहेत. याच काळात शिल्पकार इसामु नोगुचीशी लग्न झालं आणि मोडलं. त्याची आई अमेरिकन, बाप जपानी. तोही दोन्हीकडे पाहुणा. 1958मध्ये हिरोशी ओताका या राजनैतिक अधिकाऱ्याशी लग्न करून तिनं सिनेमा सोडला आणि ती ओताका योशिको झाली.

इथून अहो-जाहो करायला हवं, कारण बाई आता पन्नाशीला आल्या होत्या आणि भलत्याच कामाला लागल्या होत्या. 1969पासून टीव्हीवर दुपारचा कार्यक्रम. दुपारच्या कार्यक्रमात पाककृती दाखवायच्या सोडून या व्हिएतनामला आणि पॅलेस्टिनी छावण्यांत जाऊन आल्या. 1974ला संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या आणि अठरा वर्षं राहिल्या. युद्धात जपानी सैन्यानं ज्या बायकांना लैंगिक गुलाम केलं, त्यांच्यासाठी 1995मध्ये निघालेल्या निधीच्या त्या उपाध्यक्ष होत्या. ज्या राजवटीचा गोड चेहरा होण्यात तारुण्य गेलं, तिच्या हिशेबाच्या वह्या म्हातारपणी उघडायला बसणं सोपं नाही. पुष्कळांनी त्या वह्या जाळून टाकल्या.

94 वर्षांच्या होऊन 2014च्या सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. त्याच्या बऱ्याच आधी, 1987मध्ये, साकुया फुजिवारा यांच्यासोबत त्यांनी आत्मचरित्र लिहिलं होतं. तेव्हा सरकारदरबारी त्या ओताका. पण पुस्तकाच्या नावात आहे री कोरान, आणि लेखकाच्या जागी यामागुची योशिको.