सरांचा ‘ड्युअरन्स’

शाळा सुटल्यावर वर्गात थांबवून ठेवण्याच्या शिक्षेला आमच्या तुकडीत ‘ड्युअरन्स’ म्हणत. शब्द इंग्रजीच्या सरांचा. गृहपाठ न केलेल्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात आणि वर हा मथळा. आम्हाला तो इन्शुरन्सचा चुलतभाऊ वाटायचा. अर्थ सांगितला तोही सरांनी थांबवलेल्या मुलांनाच! वेळेवर घरी गेलेली हुशार मंडळी त्याला मुकली.

ड्युअरन्स म्हणजे कैद, बंदिवास. आज हा शब्द इंग्रजांच्याही बोलण्यात नाही; उरलाय तो बहुतेक ‘ड्युअरन्स व्हाइल’ (व्हाइल म्हणजे वाईट) या जोडीत, तोही थट्टेनं. विशेषण नामाच्या मागे, ही फ्रेंच तऱ्हा. ‘कोर्ट मार्शल’मध्येही तीच, असं सर म्हणाले. शब्दही फ्रेंचमधूनच आलेला, मूळ लॅटिन ‘दुरारे’, म्हणजे टिकणं. ‘ड्युरेशन’, ‘ड्युरेबल’, ‘एन्ड्युअर’ ही सगळी त्याच घरची भावंडं. इतकंच काय, आम्ही दहा वेळा घोकलेलं ‘ड्युअरिंग’सुद्धा एका मेलेल्या क्रियापदाचं उरलेलं रूप! आधी ड्युअरन्सचा अर्थ नुसता ‘टिकणं, कालावधी’ असा होता. कैदेचा अर्थ मागाहून चिकटला. सर घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, “भिंतींचं काय घेऊन बसलात? कैद म्हणजे तो काटा.” साडेपाचला अजून बराच अवकाश होता, त्यामुळे पटलं.

शेक्सपिअरच्या काळात ड्युअरन्स नावाचं एक दणकट, न फाटणारं कापडही होतं. त्याच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या पहिल्या भागात राजपुत्र आपल्या दोस्ताला, फॉल्स्टाफला विचारतो, की कातडी जर्किन हा ड्युअरन्सचा किती गोड झगा, नाही का? अशी जर्किनं पकडून नेणारे शिपाई घालत. म्हणजे एका शब्दात टिकाऊ कापड आणि तुरुंग दोन्ही. सर या कोटीवर एकटेच खूप वेळ हसले. आम्ही नंतर हसलो, भीतीनं.

ही चर्चा शिक्षकांच्या खोलीत पोहोचली असावी. कारण दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाई व्याकरण बाजूला ठेवून म्हणाल्या, “इंग्रजांचं कळलं. आपल्या तुरुंगाचं काय?” कोणालाच सांगता येईना. तुरुंग हा पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आलेला, म्हणजे थेट गोव्याच्या वाटेनं. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड. भोकं पाडलेल्या जड ओंडक्यात कैद्याचे पाय अडकवत, त्या ओंडक्यालाही तेच नाव, आणि पुढे कोठडीलाही. मग बाईंनी फळ्यावर ‘खोड’ लिहिलं आणि त्याला काना दिला: खोडा. आपल्याकडेही कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड तेच, आणि कामात खोडा घालणाराही तिथलाच. पोर्तुगिजांना ठाऊक नाही, आम्हाला ठाऊक नाही, आणि दोन्ही भाषा एकाच झाडाखाली येऊन बसलेल्या!

मला विचाराल तर बाईंचा खोडा सरांच्या ड्युअरन्सपेक्षा सरस. सरांना मात्र ते पटलं नसावं. त्या आठवड्यात नावांची यादी वाढली, मथळा तोच राहिला.