कण्हणारं बाळ आणि न दिलेलं इंजेक्शन

डिसेंबरातल्या पहाटे पेठ तालुक्यातून आमच्या नाशिकच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळ आलं. तिसाव्या आठवड्यातलं, 1200 ग्रॅम, अंगावर ओलसर फडकं. तापमान 34.6. बाळ गार पडलं की ऑक्सिजनची गरज वाढते, हे सांगून सांगून घसा कोरडा पडला. ऊब देणारी पेटी नसेल तर आईच्या नाहीतर आजीच्या उघड्या छातीशी धरा, टोपी घाला, वरून पांघरूण.

श्वास मिनिटाला 76, बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि बाळ कण्हत होतं. सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसातल्या पिशव्या उघड्या ठेवणारा आतला थर, कमी असलं की श्वास सोडताना त्या पिशव्या मिटतात. त्या मिटू नयेत म्हणून बाळ घसा आवळून हवा अडवून धरतं. त्यातच ते दमतं. बबल सीपॅप, म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देणारं यंत्र, ते काम स्वतःकडे घेतं.

हवा बाहेर सोडणारी नळी पाण्यात 6 सेंटिमीटर, हवेचा फ्लो मिनिटाला 6 लिटर, ऑक्सिजन 40 टक्के. थोड्या वेळात बुडबुडे थांबले, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 84 टक्के. नवीन सिस्टरचा हात लगेच ऑक्सिजनकडे गेला. आधी गळती शोधायची! प्राँग (नाकातल्या छोट्या नळ्या) नाकपुडीत भरून बसलेले हवेत, पण मधल्या पडद्याला टेकलेले नकोत, कातडी सोलते. ते नीट होते. तोंड मात्र उघडं होतं. हनुवटीखाली कापडाची छोटी घडी ठेवली, बुडबुडे सुरू झाले.

तरी ऑक्सिजन 40 च्या खाली येईना, म्हणून सर्फॅक्टंटचं औषध. किलोला 200 मिलिग्रॅम, म्हणजे 3 मिलिलिटरची पूर्ण कुपी. तळहातात धरून कोमट करायची, जोरात हलवायची नाही, फेस होतो. सीपॅप चालू ठेवूनच डॉक्टरांनी बारीक नळीने श्वासनलिकेत सोडलं. यानंतर ऑक्सिजन पटापट उतरवावा लागतो. सॅच्युरेशन 95 च्या वर राहू दिलं तर डोळ्यांच्या पडद्याला धोका. तासाभरात 25 टक्क्यांवर आलो.

बाळ सुधारलं. पण आई आदल्या दुपारपासून कळा देत पहिल्या दवाखान्यात होती आणि कागदावर डेक्सामेथासोनचा, म्हणजे पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या इंजेक्शनचा, एकही डोस नाही, हे डोक्यातून जात नाही. 24 ते 34 आठवड्यांत 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, चार डोस. पुढे पाठवायचं तर पहिला डोस एएनएमही (उपकेंद्रातली परिचारिका) देऊ शकते, 2014 च्या सरकारी सूचनांत तसं आहे. फोनवर उत्तर मिळालं, ‘कळा थांबतील असं वाटलं.’

आता असा फोन आला की आधी आईचं विचारते: डोस दिला का, किती वाजता? आणि बाळंतपण व्हायचं असेल, वाटेत होण्यासारखं नसेल, तर पोटातल्या बाळासकट आईलाच इकडे पाठवा म्हणते.